उजवी बाजू

परसोडीच्या आयटी पार्कात, दुसऱ्या मजल्यावर
मी ढालींना आकडे देतो.
कातड्याची, तीन.
लाकडाची, पितळी कडेची, पाच.
ढालीला ढाल भिडवून भिंत केली तर आणखी चार,
पण चाल निम्मी.
आठ वाजता एसी बंद होतो, मग खडखडणारा कूलर,
वाळ्याचा ओला वास,
आणि पडद्यावर एकशे वीस माणसं
माझ्या एका रकान्यावर तगून.

नियम असा:
ढाल समोरून मोजायची, डावीकडून मोजायची.
उजवीकडे शून्य. पाठीला शून्य.
शिपाई पळू लागला की सगळीकडेच शून्य,
हातात ढाल असली तरी.

रात्रपाळीचे गार्ड उईकेकाका
चहाचा कप घेऊन मागे येऊन थांबले.
हिंगणा रोडवर, राखीव दलात, एकतीस वर्षं.
"काय करून राहिला बे?"
मी घोडदळ उजवीकडून घातलं.
रांग जुन्या धोतरासारखी फाटत गेली.
"उजवीकडे काऊन शून्य?"
ढाल डाव्या हातात असते ना, काका.
"थे मले मालूम हाय.
पण बाजूचा कुठं गेला?"

मग वेताच्या ढालीबद्दल बोलले.
आतला पट्टा घामानं कसा ताठ होतो,
दगड आधी दिसत नाही, आधी ऐकू येतो.
"माह्या उजवीकडे निनावे राहे.
त्याची ढाल अर्धी त्याची, अर्धी माही.
एक डाव थो सुटीवर गेलता. पोरीचं लगन."
एवढंच सांगून कप ठेवला.
ते बोलताना नेहमी डावा कान पुढे करतात,
मला वाटायचं, सवय.

त्या रात्री मी एक रकाना वाढवला: बाजूचा.
उभा असेल तर अधिक तीन.
सुटीवर असेल, मेला असेल, पळाला असेल,
यंत्राला कारण लागत नाही.

पुन्हा घोडदळ घातलं. रांग वाकली, फाटली नाही.
फक्त उजव्या टोकाचा एक
पहिल्याच धडकेत आडवा.
त्याच्या बाजूला कोणी नव्हतंच, फक्त गवत.

काका वाकून बघत होते.
"त्या टोकाले नवा पोऱ्या ठेवू नको.
आमी तिथं जुना माणूस ठेवत होतो."

अनुभव, अधिक दोन, मी लिहिलं.
खाली फाटकाची साखळी वाजली.
ते गेले, आणि खुर्चीच्या उजवीकडे
कूलरचा वारा
थेट लागायला लागला.