सात-आठ

तीस पानं.
उरलेली बावीस सुपारीच्या डब्यात पडून असतात,
दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळी,
आणि किलवर-चौकटच्या दोन सत्त्या.
चौघं होतो तेव्हा त्यांनाही काम असायचं.

दुपारी तीनला तारामुंबरीतली वीज जाते.
पलीकडे देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या
फिरत असतात, आपल्याला काय त्याचं अशा.
मामंजी म्हणतात, "पिस."
मी पिसते.

त्यांचा डावा हात गेल्या दिवाळीपासून
मांडीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
सगुण तांडेल,
ज्यांच्या हाकेला सोळा खलाशी जाळं ओढायचे,
त्यांना पंधरा पानं धरता येत नाहीत.
जुन्या वल्ह्याचा वीतभर तुकडा
सुताराकडून कापून आणला, मध्ये करवतीची खाच.
तिच्यात पत्ते उभे राहतात
त्यांच्याकडे तोंड करून.
एखादा वाऱ्याने पडला तर मी
डोळे मिटून उभा करते.

पहिली पाच वाटली की,
"बोल हुकूम."

लग्नाला सहा वर्षं झाली,
मी घाटावरची, अजून सुरमई म्हणून तोवर उचलते.
सासूबाई गेल्यावर पंधरा दिवस
ते ओट्यावर, मी चुलीपाशी,
मधे जेवणाचं ताट तेवढं ये-जा करायचं.
जयवंत बोटीवर, त्याचा फोन आला की
दोघं त्याच्याशीच बोलायचो.
मग एकदा रिकाम्या ताटाशेजारी
त्यांनी पत्त्यांचा जोड ठेवला.
हात धुवायलाही उठले नाहीत.

"इस्पिक," म्हणाले मी.
सासऱ्याला हुकूम सांगायची
ही पहिली वेळ.

त्यांच्या राजावर मी बदामाची सत्ती मारली
(हुकूम बदाम होता त्या दिवशी)
आणि ते हसले.
वरचा एक दात नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता खरं सांगते.
त्यांच्या पाठीशी काचेचं कपाट आहे,
सासूबाईंच्या कपबश्यांचं.
साडेतीनला खाडीवरचं ऊन दारातून आत येतं,
उतरलेल्या डाव्या खांद्यावरून
काचेत सगळं दिसतं.
गुलाम कुठे, एक्का कुठे,
किलवर किती, चौकट संपलं की नाही.

मी जागा बदलली नाही.
बोललेही नाही.
फक्त आठ करायचे असतील तेव्हा सात करायचे,
सात करायचे तेव्हा सहा.
हातचा एक्का शेवटपर्यंत दाबून ठेवायचा
आणि "अगंबाई" म्हणायचं.
ते माझी पानं ओढायचे उजव्या हाताने,
चांगली ठेवून रद्दी परत करायचे,
आणि रात्री भाकरी अर्धी जास्त खायचे.
जयवंत फोनवर विचारायचा, कोण जिंकतंय?
बाबा, मी सांगायचे, बाबाच रे.

काल पत्ते वाटून झाले.
मान वर न करता,
खाचेत एकेक पान लावता लावता म्हणाले,
"काचेत बगून खेळतंस,
तरी हरतंस कशी गे?"

चक्कीचं भोंगाट इंजिन नेमकं तेव्हाच थांबलं.
मी वाटलेली पानं परत गोळा करू लागले,
काहीतरी करायला हवं म्हणून.

ते उठले. मला हात लावू दिला नाही.
स्टूल पायाने ढकलत ढकलत
भिंतीशी नेलं, कोऱ्या, चुन्याच्या भिंतीशी,
पाठ टेकून बसले.
वल्ह्याचा तुकडा मीच नेऊन दिला.
"पिस," म्हणाले.

सात करायचे होते मला.
दहा केले.
चौकटच्या तिर्रीएवढीही दया नाही,
तिर्री तर डब्यात होती.

त्यांनी पानं पालथी टाकली
आणि एक शिवी हासडली,
बंदरावरची, लिलावाच्या वेळची,
सुनेला कधीच देत नाहीत
अशी.

मी म्हटलं, "तीन पानं द्या आधी."