परतीचा माल

मालाबाला रांग लागली की
ती किती लांब आहे ते कुणी किलोमीटरात सांगत नाही.
सांगतात, “शेपूट पेट्रोल पंपापर्यंत,”
किंवा “चर्चपर्यंत,”
किंवा नुसतंच, “आज चहा तीनदा.”

मी आमोदिंग. क्लिअरिंग एजंट.
नदीच्या केनियाकडच्या काठावर, पत्र्याच्या खोलीत
वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाचे कागद सांभाळते.
पलीकडे, युगांडाच्या हद्दीत, ओकिरिंगची अशीच खोली.
तोही आतेसो बोलतो, मीही.
आमच्या शिव्यासुद्धा सामाईक,
त्यांवर अजून कुणी जकात लावलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यानं माझं साबणाचं गिऱ्हाईक पळवलं.
तेव्हापासून पुलावर समोर आला
की मी नदी बघते.
बघण्यासारखी नाहीये ती नदी.

त्या रात्री अकरा चाळीसला मुतिंदाचा फोन.
“कॉम्प्रेसर बसला, ताई.”
आत सहाशे खोकी, म्बालेच्या इस्पितळांसाठी:
बाळंतिणीचं रक्त थांबवणारं इंजेक्शन.
दोन ते आठ अंश, एवढीच त्याची दुनिया.
काटा सहावर.
मेकॅनिक एल्डोरेटला. चर्चपर्यंत शेपूट.

मी डायरी उलटसुलट चाळली,
जणू पानांतून बर्फ पडणार होता.
घोडं कुठे पेंड खातंय ते मला ठाऊक होतं:
माझ्या नाकाच्या शेंड्यावर.
कारण ओकिरिंगची मासळीची गाडी
मोंबासाला माल उतरवून रिकामी परतत होती,
त्याच रांगेत,
बत्तीस गाड्या मागे.
रिकामी, आणि थंडगार.

फोन लावला. त्यानं दुसऱ्या रिंगला उचलला.
मी नमस्कार केला नाही, त्यानंही मागितला नाही.
“किती अंश?” एवढंच विचारलं.
“साडेसहा.”
“धुवायला वीस मिनिटं लागतील. वास राहील थोडा.”
“खोकी नाक घेऊन आलेली नाहीत.”
(हे मी का बोलले कुणास ठाऊक.)

मग बत्तीस गाड्या हलल्या.
किगालीचा सिमेंटवाला, जुबाला मीठ नेणारा लाडो,
एक गोमाचा, ज्याची भाषा आमच्यात कुणालाच येत नव्हती,
एकेक करून डाव्या चिखलात उतरले
आणि मासळीची गाडी मधून आली,
दिवे मिचकावत, संकोचल्यासारखी.

सील तोडायला कस्टमचा माणूस हवा.
वांजाला झोपेतून उठून आला, पायात दोन वेगळ्या चपला.
त्यानं नियम वाकवला नाही,
फक्त झटपट लिहिला:
जुना नंबर, नवा नंबर, वेळ, दोन्ही ड्रायव्हरांच्या सह्या,
आणि सही करताना टॉर्च दातांत धरला.

खोकी हातांवरून गेली.
कुणाचे हात कुणाचे, अंधारात कळत नव्हतं,
एक हात मिठानं खरखरीत होता, तेवढा लाडोचा.
सात अंश.
सव्वासात.
कुणीतरी आकडे मोजत होतं फ्रेंचमध्ये,
बाकीचे आपापल्या भाषेत, सहाशे मात्र एकदमच झाले.
दार लागलं तेव्हा साडेसात.

ओकिरिंगनं पहाटेपर्यंत पलीकडचे कागद करून ठेवले होते.
गाडी पूल ओलांडून गेली.
मी पहिल्यांदा नदीकडे न बघता
तिकडे बघितलं. तो चहा ढवळत होता.

आठवड्यानं बिल आलं:
डिझेल, साबणाची एक वडी, गाडी धुण्याचं पाणी.
खाली पेननं लिहिलेलं,
“गिऱ्हाईक परत मिळणार नाही.”
मी पैसे भरले, आणि त्याखाली लिहिलं,
“बघू.”

आता माझ्या डायरीत मागून सुरू होणारी काही पानं आहेत.
तिथं माल लिहीत नाही मी,
रिकामेपण लिहिते:
कुणाची गाडी, कुठून, कधी, किती टन जागा.
तशीच पानं त्याच्याकडे आहेत,
आणि ऐकते की किगालीच्या त्या सिमेंटवाल्यानंही
एक वही घेतलीय.

काल रात्री दोनला फोन वाजला.
नमस्कार नाही. गोमाचा तो माणूस,
मोडक्यातोडक्या स्वाहिलीत:
“आहे का काही रिकामं?”
मी दिवा लावला.
चष्मा सापडेना.
“थांब,” म्हटलं, “बघते.”