नाहूम

माझ्याआधी एक झाला होता, शेलोमो.
सव्वा महिन्याचा. नवगावला सुरूंखाली
त्याची वीतभर जागा.
मग मी.
हाजानने बोट फिरवत सांगितलं, नाहूम ठेवा,
नबीचं नाव. अर्थ: दिलासा.

आईने अर्थ पदराला बांधला.
मला नुसतं नाव उरलं.

रेवदंड्याच्या शाळेत पोरं मागे लागत,
न्हाऊ रे न्हाऊ, चिखलात जाऊ!
मी भरतीच्या खाडीत उडी टाकायचो,
ती आणखीच हसत.

मोठेपणी त्या नबीचं पुस्तक वाचलं.
चाबकांचे फटके, चाकांचा खडखडाट,
एक अख्खं शहर जमीनदोस्त.
दिलासा शोधता शोधता दिवा विझला.

आता इथे आमची तीनच घरं.
बाकीची लोदला, अश्दोदला.
पुरुषमाणूस गेला की मलाच हाक येते.
कोमट पाणी, कोरा मडका,
डोकं, मग उजवा खांदा, मग डावा.
घाई करायची नाही. पाठ दाखवायची नाही.

परवा बाबांना घातलं.
त्यांच्या टाचांत अजून घाण्याचं तेल होतं,
तीन तांबे लागले.

बाहेर आलो. आई उंबऱ्याशी.
"नीट न्हाऊ घातलंस ना?"
हो म्हटलं.
तिने माझे हात हुंगले, सब्जाचा वास येत होता,
आणि कधी नव्हे ते
पुरतं नाव घेतलं.