तिसरा कप्पा

नारीनच्या वर, खिंडीतलं हवामान केंद्र.
जानेवारी. उणे एकतीस.
मी बिश्केकहून कागद घेऊन गेलो होतो:
‘बॅटऱ्या चार, अकरा वर्षं जुन्या, भंगारात काढाव्यात.’
खाली माझी सही तेवढी बाकी.

केंजेकान आपाने आधी चहा दिला, मग मीटर.
बारा पूर्णांक चार. “बरी आहे की,” मी म्हणालो.
“बसलेल्या माणसाला विचारू नये
तू किती ओझं उचलशील,” ती म्हणाली,
आणि ट्रकचा जुना हेडलाइट जोडला.
काटा धाडकन नऊवर.
“आता खरं बोलली.”

मग झाकणं उघडून तिने एकेका कप्प्यातून
काचेच्या नळीत पाणी ओढलं:
बाराशे पन्नास, पंचेचाळीस,
अकराशे तीस.
“हा तिसरा. आज रात्री गोठेल, फुटेल,
बाकी पाचांना घेऊन जाईल.”

मी म्हणालो, ॲसिड घालू या.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं तापात फणफणलेल्या पोराला
कुणी मिरची भरवतंय.
“ॲसिड कुठे गेलेलं नाही.
शिशाच्या पत्र्यांवर रुसून बसलंय.
हळूहळू बोलवायचं. सगळं नाही येत.”

केटलीच्या तोंडाला नळी लावून
थेंब थेंब जमवलेलं पाणी तिने वर घातलं.
टोकांवरची हिरवट बुरशी सोड्याने धुतली.
बॅटरी शेगडीजवळ शेकली
आणि बुडबुडे येऊ लागल्यावर
शेगडी विझवली.
दार उघडलं.
“हा वायू ठिणगीची वाटच बघत असतो.”

दोन रात्री आम्ही दोघं
अंगावर नमद्याची घोंगडी घेऊन बसलो होतो,
विझलेल्या शेगडीपाशी, उघड्या दारात,
एका खोक्यातला बारीक फसफसाट ऐकत.
तिने नवऱ्याबद्दल काही सांगितलं.
दात वाजत होते, मला अर्धंच कळलं.

सकाळी तिसरा: अकराशे पंच्याण्णव.
“सत्तावीसपर्यंत तगेल.” बाहेर एकतीस.
मग तिने अंगावरची घोंगडी काढली
आणि बॅटरीभोवती गुंडाळली.

घरी आल्यावर पँट धुतली, तेव्हा भोकं दिसली.
आपाच्या लोकरीला काही झालं नव्हतं.

कागद अजून माझ्या खणात आहे.
सकाळी सहाला रेडिओवर तिचा आवाज येतो:
उणे चौतीस, वारा वायव्येचा, ताजा बर्फ चार बोटं.
मग थोडी खरखर,
आणि नोंदवहीत ज्याला रकाना नाही ते:
“तिसरा. अकराशे नव्वद.”