पवनीला दीड दिवस

गिरडच्या उतारावर एसटी डुलली
तेव्हा सीटखालची पेटी एकदा कण्हली.
वीस किलोचं एक, दहाचं एक, पाचाची दोन,
आणि मखमलीत निजलेली पितळी लेकरं
एक ग्रॅमपर्यंतची.
त्यांना उघडा हात लावायचा नसतो,
घामालाही वजन असतं.

कंडक्टर म्हणाला, लगेज लागंन.
म्हटलं, वजनं आहेत.
म्हणाला, मंग तर लागंनच.

भिवापूरला खिडकीतून मिरचीचा खकाणा आला.
सगळी गाडी शिंकली, मग जरा ओळखी झाल्या.
शेजारचे गृहस्थ पवनीचेच. कोणत्या कामानं?
काटे तपासायला.
ते थोडे सरकून बसले.
निरीक्षक नाही जी मी, दुरुस्तीवाला, हिंगणघाटचा.
शिक्का सरकार मारते, मी नुसते स्क्रू पिळतो.
तेव्हा कुठे त्यांनी सुपारी पुढे केली.

परकोटाचा दरवाजा एवढा उंच
की बांधणाऱ्याच्या डोळ्यापुढे हत्तीच असावा.
खालून एक पोरगा सायकलवर
उलट्या टांगलेल्या कोंबड्या घेऊन गेला.

पडोळ्यांच्या मिलमध्ये दुपार कोंड्याची.
काटा क्विंटलमागे दोनशे ग्रॅम कमी दाखवत होता:
धान घेतानाही कमी, तांदूळ देतानाही कमी.
मंग इमानदारच आहे ना जी तो, पडोळे हसले.
मी काही बोललो नाही. झाकण उघडलं.
आत एक झुरळ, कोरडं, कोण जाणे कोणत्या हंगामातलं.

ताडपत्री उडू नये म्हणून वर अर्धी वीट होती,
माझ्या वितीपेक्षा रुंद.
विहीर खोदताना निघाली, म्हणाले,
इथं कुठंही खोदा, काहीतरी निघतेच,
म्हणून आमी आता जास्त खोदत नाही.
दुरुस्त काट्यावर पहिली तीच ठेवली.
सहा किलो, दोनशे दहा.
आणि वर्षं किती?
तेवढं तुमचा काटा नाही दाखवत.

रात्री लॉजच्या गॅलरीत डास
आणि खाली कुठेतरी नदी असल्याचा वास.
फोनवर नलू म्हणाली, नदी पाह्यली का?
म्हटलं, कामाला आलो आहे.
ती म्हणाली, नदीला काय तिकीट आहे?

म्हणून पहाटे घाटावर.
पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली पायऱ्या.
धरण झाल्यापासून, कुणी सांगितलं,
वैनगंगा इथं वाहत नाही, बसून असते.
बुडालेली शेवटची पायरी
आता फक्त माशांना ठाऊक.

कौतिका दिघोरे तिथं रोहू तोलत होती.
एका पारड्यात मासा,
दुसऱ्यात नदीतला गोटा, काळा, गुळगुळीत.
माझ्यातला काटेवाला राहवेना.
बाई, हे किती वजन?
किलो.
कशावरून?
माह्या सासूनं सांगतलं.
मी खिशातला छोटा काटा काढला.
एक किलो, चाळीस ग्रॅम.

म्हटलं, मावशे, दर किलोला चाळीस ग्रॅम
जास्त चालले तुमचे.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं मी झुरळ लागलेल्या काट्याकडे पाहतो.
चाळीस का पन्नास, मले का मालूम.
मासा घरी जाईपर्यंत पाणी गळते जी.
त्या पाण्याचे पैसे घेऊ का मी?

मी गोटा परत ठेवला. उघड्या हातानं धरला होता,
आता त्यावर माझाही घाम.
एक रोहू घेतला. तिनं मूठभर झिंगे वर टाकले,
न तोलता.

दहाची गाडी. पेटी सीटखाली,
पिशवी मांडीवर, नको तेवढी जवळ.
भिवापूरच्या अलीकडेच पँटला ओल लागली.
कालचाच कंडक्टर. त्यानं पाहिलं,
पेटीचं तिकीट फाडलं, म्हणाला,
भाऊ, पिशी गळून रायली तुमची.

गळू द्या, म्हटलं.
ते हिशेबात धरलं आहे.