काढणे

बुधवारी सकाळी वाघोलीच्या टँकर-ऑफिसात
त्रेचाळीस मागण्या नाहीशा झाल्या.
केसनंद रस्त्यावर नऊ सोसायट्या कोरड्या,
आणि निर्मला पठारे यांच्या दोन्ही फोनवर
डोक्याला साबण लावून थांबलेली माणसं.

एजंटने केलं, म्हणाले सगळे.
मी लॉग उघडला.
रात्री दोन वाजून अकरा मिनिटांनी
त्याला जुन्या मागण्या फक्त बघायच्या होत्या.
त्याने टूल्सची यादी वाचली, एक उचललं.
त्याखाली माझ्याच हातची ओळ होती:
"जुन्या मागण्या काढतं."

काढतं.
मला म्हणायचं होतं, पुसून टाकतं.
त्याला वाटलं, कपाटातून काढून समोर ठेवतं.
चूक कुणाची, हे तन्वीर मुजावरने विचारलंही नाही.
माझ्या टेबलावर चहा ठेवला
आणि तसाच उभा राहिला.

आपण चित्र काढतो, कर्ज काढतो,
कुणाचं आजारपण काढतो, कुणाची खोडी.
बँकेतून पैसे काढले की ते हातात येतात,
पायातला काटा काढला की तो फेकून देतो.
इतकी वर्षं एका शब्दावर निभावलं,
कारण ऐकणारा आपल्या तोंडाकडे बघत होता.

हा बघत नाही.
"म्हणजे कसं?" म्हणत नाही,
शेजारच्याला कोपर मारून विचारत नाही.
कालचं त्याला काही आठवत नाही.
दर वेळी स्वारगेटला पहाटे उतरलेला परका,
हातात माझी चिठ्ठी,
आणि चिठ्ठीवर पूर्ण विश्वास.
आणि आम्ही पुण्यात पत्ता कसा सांगतो?
पूर्वी तिथे पिठाची गिरणी होती ना,
तिथून डावीकडे.

माझे वडील रास्ता पेठेत कंपाउंडर होते.
लाल औषधाच्या बाटलीवर
पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवायचे,
घडी घालून, कात्रीने खाचा पाडून.
एक खाच, एक डोस.
मी विचारलं होतं, वाचता न येणाऱ्यांसाठी का?
"नाही गं. येतं त्यांच्यासाठीसुद्धा.
रात्री ताप चढला की अक्षरं हलतात."
आणि बाटली हातात द्यायच्या आधी,
"सांगा बघू, उद्या सकाळी किती?"
उत्तर चुकलं तर बाटली परत टेबलावर.

दुपारभर लिहीत बसले.
"मागणी कायमची रद्द करतं. परत आणता येत नाही.
नुसती बघायची असेल तर हे वापरू नका,
‘मागणी दाखवा’ वापरा.
तारीख आकड्यांत: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष.
‘परवा’ लिहू नका."
परवा आपल्याकडे दोन्ही बाजूंना असतो,
गेलेला आणि यायचा.

"एवढं कशाला?" तन्वीर म्हणाला.
"हुशार आहे ते. घेईल समजून."
समजूनच तर घेतलं होतं, बाबा,
बुधवारी.

गुरुवारी रात्री पुन्हा चालवून पाहिलं, खोट्या मागण्यांवर.
रद्द करायच्या जागी रद्द, दाखवायच्या जागी दाखवलं.
मग मध्येच थांबला. पडद्यावर एक ओळ:
"मोठा टँकर म्हणजे किती लिटर?
दोन ठिकाणी दोन आकडे आहेत."

मला बरं वाटलं, खरं सांगते.
कुणीतरी बाटली घेण्याआधी विचारलं होतं.

निर्मलाताईंना फोन लावला.
त्यांनी फोनवरच दात काढले.
"अहो मॅडम, कागदावर दहा हजार.
बाकी टँकर कोण घेऊन येतोय त्याच्यावर.
संपत असला तर भरून देतो,
त्याचा मेहुणा असला तर
वाटेत कुठंतरी थोडं उतरतं."

आता हे कसं लिहायचं.
आकडा एकच हवा, एकक हवं, अपवाद स्पष्ट हवा.
"अंदाजे" लिहिलं, खोडलं.
"संपतला विचारा" लिहिलं, तेही खोडलं.
साडेअकरा झालेत, बाणेरचे दिवे खाली पिवळे,
तो थांबलाय, न कंटाळता,
आणि माझ्या हातात घडी घातलेला कागद,
पहिली खाच कुठे पाडायची
ते ठरत नाही.