हिरव्या शाईतले आक्षेप

एकतीस वर्षं झाशी रोडवरच्या ए.जी. ऑफिसात
दुसऱ्यांच्या खर्चावर मी हिरव्या शाईने खुणा केल्या.
निवृत्त झाले तरी हात गप्प बसत नाही.
म्हणून खासदार हरिमोहन बिरथरे पुन्हा उभे राहिले तेव्हा
त्यांचा मागच्या निवडणुकीचा हिशेब मागवला,
पानामागे रुपया भरून.

खुर्ची, प्लास्टिकची, सात रुपये रोज.
झेंडूचा हार, मध्यम, पंधरा.
चहा पाच, समोसा दहा, ढोलवाला साडेचारशे.
बाड्यावरच्या सभेला तीन हजार तरी माणसं होती,
मी होते ना तिथे, साडीच्या दुकानाच्या पायरीवर.
वहीत खुर्च्या चारशे.
बाकीचे उभे होते असं धरू.
उभ्या माणसाचा दर ठरलेला नाही.

देणग्यांचं पान छोटं. पाच नावं.
तिसरं घाटीगावकडच्या एका दगडखाणीचं,
रक्कम अक्षरी लिहिलेली, सुवाच्य.

मग दिल्लीतली पाच वर्षं काढून बसले.
हजेरी एक्क्याऐंशी टक्के.
प्रश्न दोनशे बारा, त्यातले एकोणीस
ग्वाल्हेरच्या विमानाच्या वेळेबद्दल.
आणि मतदान?
मतदानाला कागदच नाही.
बाजूचे हो म्हणा, विरोधातले नाही म्हणा,
होकाराचं बहुमत, होकाराचं बहुमत,
कायद्यामागून कायदा असा घशातून गेला.
त्या गलक्यात बिरथऱ्यांचा घसा कुठला?
ना व्हाउचर, ना पावती.
आमच्या सेक्शनला असं बिल आलं असतं
तर मी त्याच टपालाने परत धाडलं असतं.

एकदाच बटणं दाबून मतं मोजली, खाणींच्या दुरुस्तीवर.
त्या दिवशी त्यांचं नाव होकारात नाही, नकारातही नाही.
तळाशी बारीक टाइपात:
आकडे दुरुस्तीस पात्र.

आणि एक खासगी विधेयक, शुक्रवारचं.
ते मी दोनदा वाचलं.
दगडाच्या धुळीने छाती भरलेल्या मजुरांना पेन्शन,
कलम चार, खाणमालकाच्या पैशातून.
मालकाच्या, असं स्वच्छ लिहिलंय.
तारखा लावल्या. देणगी एप्रिलातली,
विधेयक तिसऱ्या वर्षीच्या डिसेंबरातलं.
म्हणजे बाईसाहेब, एक तर हा माणूस
खाल्ल्या मिठाला जागला नाही, आणि देव त्याचं भलं करो;
नाहीतर त्याला ठाऊक होतं
की शुक्रवारच्या चिठ्ठीत आपला नंबर लागायचा नाही.
हिशेब दोन्हीकडून जुळतो.
नोकरीत मला न जुळणाऱ्या वह्यांची भीती कधी वाटली नाही.

रामकली आदिवासी आमच्या गल्लीत कोथिंबीर विकते.
नवरा त्याच खाणीत होता. आता खाटेवर असतो.
तिला मी कलम चार वाचून दाखवलं, हिंदी प्रतीतून.
ती म्हणाली, कब से मिलेगी?
तेव्हा मला तिला व्यपगत हा शब्द समजावावा लागला.
हिंदीत तोच, मराठीत तोच,
दोन्हीत कुणी बोलत नाही.
लोकसभा विसर्जित झाली की
आत पडून राहिलेली विधेयकंही...
असं काहीसं मी सांगत गेले.
मतलब, गया, ती म्हणाली,
आणि जुडीवर दोन मिरच्या ठेवल्या, नेहमीसारख्या, फुकट.

हे सगळं मी मराठी वाचनालयात बसून उतरवलं.
पेन्सिल पडली म्हणून वाकले,
तर खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या रंगात:
खासदार निधीतून. ह. बिरथरे. नग चाळीस.
उठून मोजल्या. सदतीस.
गोडाऊनमध्ये पाहिलं, गच्चीवर पाहिलं.
समासात हिरव्या शाईने लिहिलं, तीन कमी, खुलासा मागवावा.
कुणाकडून, ते लिहिलं नाही.
मग त्याच खुर्चीत परत बसले.
अजून दोन पानं राहिली होती.